लॉन पिवळी पडतेय : पाणी कमी, पाणी जास्त, की रोग?

गोदातीर
नमस्कार मंडळी.
गंगापूर रोडला आमच्या घरच्यांचं लग्नकार्यासाठी भाड्याने द्यायचं लॉन आहे, साधारण एकरभर. यंदापासून त्याची देखभाल माझ्याकडे आली. गवत सिलेक्शन वन. पावसाळाभर छान हिरवंगार होतं. पाऊस उघडला, ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं आणि जागोजागी पिवळे-तपकिरी पट्टे दिसायला लागले. स्टेजच्या समोर एक मोठा पट्टा, पार्किंगच्या बाजूला निंबाच्या झाडाखाली बरेच गोल डाग, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीलगत तर गवत मऊ पडून सडल्यासारखं झालंय.
माळी म्हणतो पाणी कमी पडतंय, म्हणून तो रोज संध्याकाळी स्प्रिंकलर लावतो. औषधाच्या दुकानातून सांगितलं, बुरशी आहे, कार्बेन्डाझिम मारा. शेजारच्या लॉन्सवाल्यांचं म्हणणं, युरिया टाका, आठवड्यात काळंभोर होईल. सगळं करून झालं. युरियाने जिथे आधीच हिरवं होतं तिथे जास्त हिरवं झालं, एवढाच फरक.
तुळशीचं लग्न लागलं की आमच्या तारखा सुरू. इथे द्राक्षवाले, डाळिंबवाले, कांदेवाले सगळे आहेत. गवताचं गणित पिकापेक्षा फार वेगळं नसावं असा अंदाज आहे. काय तपासू, कुठून सुरुवात करू?

नुसता_वाचक
पहिला!
हिरवा कार्पेट अंथरा आणि मोकळे व्हा. नवरदेव खाली बघत नाही, आणि पाहुणे पंगतीकडे बघतात. (ह. घ्या.)

पिंपळगावकर_नाना
आमची द्राक्षाची छाटणी चालू आहे, मजूर सकाळी सातला येतात, म्हणून थोडक्यात लिहितो. फवारा मारायच्या आधी खाली बघा. कुदळीने फूटभर चौकोन वीतभर खोल उचला आणि मुळी बघा. पांढरी, ताठ मुळी असली तर झाड जिवंत आहे, वरचं दुखणं वेगळं. मुळी तपकिरी, मऊ, ओढली की साल निघून आत दोरा राहतो, तर पाणी साचून कुजलीय. मुळीच नसली तर कुणीतरी खाल्लीय.
तीन ठिकाणी तीन प्रकार सांगताय, तर तीन वेगळी कारणं असू शकतात. एकच औषध तिन्हीकडे मारून काय होणार? बाकी रात्री.

चिमणराव
नाना, रात्री नक्की या. धागा वाचनखुणेत टाकलाय. आमच्याही बंगल्यासमोर हेच रडगाणं आहे.

तात्या_निफाड
काय राव एवढा विचार! हुमणी (मुळ्या खाणारी भुंग्याची अळी) असणार, थिमेट टाका दाणेदार, पाणी सोडा, विषय संपला. आम्ही ऊसाला वर्षानुवर्षं हेच केलं.

मृदगंध
तात्या, थिमेट म्हणजे फोरेट. ते आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. कुणाकडे जुनी पिशवी पडलेली असेल तर ती लग्नाच्या लॉनवर टाकायची कल्पनासुद्धा करू नका. त्या गवतावर लहान मुलं अनवाणी पळतात, लोळतात, हातातला गुलाबजाम खाली पडला तर उचलून खातात. फोरेट हे अतिविषारी वर्गातलं औषध होतं, त्याच्या पिशवीवर लाल त्रिकोण असायचा तो उगाच नाही.
हुमणी असेलही. पण आधी दिसू द्या, मग मारू.

तात्या_निफाड
बंद झालं ते माहीत नव्हतं असं नाही. पूर्वी चालायचं एवढंच म्हणालो. चालू द्या तुमचं.

हिरवळ
माझा लँडस्केपिंगचा व्यवसाय आहे, नाशिकमध्येच. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

गवत वरून कसं पिवळं पडतं त्यावरून बरंच कळतं. दुपारी लॉनवरून चालत जा आणि मागे वळून बघा. पावलांचे ठसे लगेच उठले तर पाणी ठीक आहे. ठसे तसेच राहिले आणि गवताला निळसर-करडी छटा आली असेल तर तहान लागलीय. पिवळं पडणं ही त्याच्या पुढची पायरी, तोवर उशीर झालेला असतो.

मग पानं बघा. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी. कोवळी, शेंड्याकडची पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, तर लोह मिळत नाही. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत हे फार दिसतं, त्यात बोअरचं पाणी क्षारपड असेल तर विचारूच नका. मातीत लोह असतं, पण झाडाला उचलता येत नाही. अशा वेळी युरिया कितीही टाका, पिवळेपणा जात नाही. फेरस सल्फेट अर्धा टक्का, म्हणजे लिटरला पाच ग्रॅम, कोपऱ्यातल्या एका चौरस मीटरवर फवारून बघा. दोन-चार दिवसांत तेवढाच तुकडा हिरवा झाला तर उत्तर मिळालं. फरशीवर उडू देऊ नका, तांबूस डाग पडतात आणि ते जात नाहीत.

टोकं पांढरी-तपकिरी, फाटल्यासारखी दिसत असतील तर रोग नाही, मशिनचं पातं बोथट आहे. हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता लॉनवर गेलो की आधी मशिनच उलटं करतो. आणि एका कापणीत उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त काढू नका. लग्नाच्या आदल्या दिवशी गवत तळापर्यंत भादरून टाकतात, मग आठवडाभर उन्हात देठं भाजतात आणि दोष बुरशीला.

आता बुरशी. सकाळी दव असताना जा, ऊन वर आल्यावर नाही. डागाच्या कडेला कोळ्याच्या जाळीगत बारीक पांढरे धागे दिसतात का बघा. रुपयाएवढे फिकट डाग आणि दवात धागे असतील तर डॉलर स्पॉट. तो उपाशी गवतावर येतो, नत्र कमी असलं की. मोठे, वेडेवाकडे तपकिरी गोल असतील तर रायझोक्टोनिया, म्हणजे ब्राउन पॅच. त्याला उलट भरपूर नत्र आणि उबदार ओल्या रात्री आवडतात. तुम्ही युरिया टाकलाय आणि रोज संध्याकाळी पाणी देताय. बघा बुवा.

आणि भिंतीलगतचं ते मऊ, चिकट, सडकं प्रकरण मला पिथियम वाटतंय. तसं असेल तर कार्बेन्डाझिमने काहीही होणार नाही. पिथियम बुरशीसारखा दिसतो पण बुरशीच्या कुळातला नाही. द्राक्षावरच्या डाऊनी रोगाचा तो भाऊबंद. त्याला औषधंही डाऊनीवालीच लागतात.

सोनाका
हिरवळ यांचा प्रतिसाद आवडला, एक सोडून. संध्याकाळच्या पाण्यात काय वाईट? दुपारी उन्हात दिलं तर निम्मं उडून जातं. रात्रभर मुरतं, जमीन थंड राहते. आमच्या घरी कायम दिवेलागणीलाच झाडांना पाणी घालतात.

पिंपळगावकर_नाना
आलो. सोनाका, तुमचं नावच द्राक्षाचं, म्हणून द्राक्षातलंच सांगतो.
डाऊनीला पानावर ओल लागते. पानाच्या वर तेलकट डाग, खाली पांढरी लव. पाऊस पडून गेला आणि ऊन पडून वारा सुटला तर आम्ही निर्धास्त असतो. पण तोच पाऊस संध्याकाळी पडला, रात्रभर वेल ओली राहिली, पहाटे धुकं उतरलं, तर सकाळी बागेत शिरायची हिंमत होत नाही. पाऊस तेवढाच, औषधही तेवढंच. फरक फक्त पान किती तास ओलं राहिलं याचा. झाडाच्या बुंध्याला तुम्ही संध्याकाळी पाणी घाला, काही बिघडत नाही, पान कोरडंच राहतं. स्प्रिंकलर पानावर पाडतो. म्हणून लॉनला पाणी पहाटे द्या. दव तसंही असतंच, ते धुऊन जातं आणि ऊन आलं की पान सुकतं. वारा पडलेला असतो, म्हणून फवाराही सारखा पडतो.
आता पोंगा अवस्थेत, म्हणजे डोळे फुटून कोंब निघताना, परतीचा पाऊस आला की आमची लोकं भर पावसात, रात्री दोनला ट्रॅक्टर काढून मँकोझेबची धुरळणी करतात. ओल्या पानावर पावडर चिकटते. घडात डाऊनी घुसला की नंतर बॅरलभर औषध ओता, गेलेला घड परत येत नाही. जे करायचं ते आधी.

सोनाका
पटलं. बुंध्याला आणि पानावर हा फरक लक्षात आला नव्हता.
जाता जाता : भुरी रोगाला मात्र पानावर पाणी लागत नाही ना? आमच्या मामांच्या बागेत कोरड्या हवेत येते.

पिंपळगावकर_नाना
नाही लागत. थंड, ढगाळ आणि कोरडं असलं की भुरी. म्हणून तर डिसेंबरात निफाडचा पारा खाली गेला की डाऊनी सोडून तिच्या मागे लागावं लागतं. देवाने द्राक्षवाल्याला रिकामा महिना दिलेला नाही.

चिमणराव
नाना, ते "ताण देणं" पण समजावून सांगा. एकीकडे म्हणता पाणी कमी पडलं की झाड मरतं, दुसरीकडे डाळिंबवाले मुद्दाम पाणी तोडतात.

कसमादे_डाळिंब
मी सांगतो. आमच्याकडे सटाणा-मालेगाव भागात बहार धरायचा तर आधी पाणी तोडावंच लागतं. जमिनीप्रमाणे, हलकी असेल तर लवकर, भारी असेल तर महिना-दीड महिना. पानं पिवळी पडून गळायला लागली की झाड वाढ थांबवतं आणि काडीत साठा करतं. मग इथ्रेल फवारून उरलेली पानगळ, छाटणी, खत, आणि हलकं पहिलं पाणी. एकदम भरपूर दिलं की कळी गळते.
पण हा ताण निरोगी झाडाला द्यायचा. मर लागलेल्या किंवा तेल्याने खंगलेल्या झाडाला ताण दिला की ते पुन्हा उठत नाही. आमच्या भागातल्या कितीतरी बागा अशा गेल्या. तेल्या हा जिवाणूजन्य, पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर आणि न धुतलेल्या कात्रीबरोबर एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. मर मातीतून येते. दोन्हीत औषधापेक्षा स्वच्छता आणि पाणी महत्त्वाचं. झाडाच्या एका बाजूला ड्रिपर बंद पडला आणि दुसरीकडे चिखल झाला, एवढंही पुरतं.

पिंपळगावकर_नाना
द्राक्षात तसंच, फक्त वेळ वेगळी. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीत सूक्ष्म घडनिर्मिती होते. त्या काळात पाणी आणि नत्र जास्त झालं, त्यात आभाळ आलं, की वेल नुसता पाला वाढवतो. ऑक्टोबरात छाटणी केल्यावर फूट निघते, घड मात्र नाही. असतो तोही बाळी (वेलीचा ताणा) होऊन जिरतो. चूक जूनमधली, कळते दिवाळीला.
गोदातीर, तुमच्या गवतालाही थोडी तहान लागू द्या. रोज वरवर शिंपडलं की मुळी वरच्या दोन बोटांत राहते, कारण तिला खाली जायची गरजच पडत नाही. मग एक दिवस मोटर जळाली की सगळं लॉन झोपतं. वापसा आला की पाणी, तोवर नाही. माती मुठीत दाबा. लाडू होऊन बोटाने दाबल्यावर फुटला तर वापसा. चिकटून राहिला तर थांबा.

मोजून_मापून
मला आकड्यांचा नाद आहे, माफी असावी.
एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. ऑक्टोबर हीटमध्ये गवताची गरज दिवसाला चार-पाच मिलिमीटर धरली तर रोजचं पाणी सोळा ते वीस हजार लिटर. रोज देण्याऐवजी चार दिवसांचं एकदम द्यायचं असेल तर एका पाळीला साधारण वीस मिलिमीटर. भारी जमीन एका दमात एवढं पीत नाही, वाहून जातं, म्हणून अर्धं देऊन तासाभराने उरलेलं.
स्प्रिंकलर किती देतो हे कसं कळणार? सरळ भिंतीचे डबे, सगळे एकसारखे, लॉनभर ठेवा. अर्धा तास स्प्रिंकलर चालवा आणि पट्टीने मोजा. एका डब्यात पंधरा मिलिमीटर आणि दुसऱ्यात चार निघालं तर तुमच्या पिवळ्या पट्ट्याचं कारण तिथेच सापडेल.

गोदातीर
हे डब्यांचं भारी आहे. उद्याच करतो. केटररकडे एकसारखे डबे पोत्याने आहेत.

येवल्याची_पोर
सगळं वाचलं. ज्ञान उत्तम आहे, पण वीस हजार लिटर रोज? दोन लग्नांच्या फोटोंसाठी? आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरच्या मागे हंडे घेऊन पळावं लागतं. सिन्नर, येवला, नांदगावची माणसं हा धागा वाचून काय म्हणतील? नाशिकमध्ये लॉन्स इतके झालेत की मोजता येत नाहीत. पेव्हर ब्लॉक टाका ना.

नुसता_वाचक
आता खरी मजा. चहा आणतो.

हिरवळ
ताई, रागाचं कारण कळतं, आणि उन्हाळ्यातलं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण सगळं फरसबंद केलं की पावसाचं पाणी मुरणार कुठे? आणि एप्रिलच्या लग्नात पेव्हरवर उभं राहून बघा. मधला मार्ग आहे. सांडपाणी प्रक्रिया करून बागेला वापरणं अवघड नाही, फक्त त्यातले क्षार तपासून घ्यायचे. जिथे मांडव पडतो आणि खुर्च्या लागतात तिथे गवत लावूच नये, कारण ते जगत नाहीच. आणि सिलेक्शन वन म्हणजे शेवटी हरळीचाच प्रकार. हरळी पाण्यावाचून पिवळी पडते, मरत नाही, पाऊस आला की परत फुटते. एप्रिल-मे मध्ये तिला जगण्यापुरतं पाणी देऊन पिवळी राहू द्या. गिऱ्हाईकाची समजूत काढायची तेवढी तयारी हवी.

येवल्याची_पोर
गिऱ्हाईकाची समजूत तुम्ही काढा, मी वाट बघते. :)
तरी "जिथे जगत नाही तिथे लावू नये" हे आवडलं.

रंजी_ट्रॉफी
अवांतर : गोल्फ क्लब मैदानावर सामना असला की आउटफील्ड बघायला मी मुद्दाम लवकर जातो. (बाहेरच्यांसाठी : नाव गोल्फ क्लब, पाटी हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाची, खेळतात क्रिकेट, आणि कडेने अर्धं नाशिक जॉगिंग करतं. गोल्फ कुणी खेळताना मी पाहिलेलं नाही.) तिथे सकाळी रोलर फिरताना बघितलाय. खेळपट्टीला घट्ट माती हवी, आउटफील्डला मोकळी. एकाच मैदानात दोन विरुद्ध गरजा.

हिरवळ
रंजी, अवांतर म्हणालात पण मुद्द्याचं बोललात. गोदातीर, स्टेजसमोरच्या पट्ट्यात लांब स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा. ओल्या मातीत तो हाताने दांड्यापर्यंत जायला हवा. बोटभर जाऊन अडला तर माती दबलीय. वर्षानुवर्षं खुर्च्या, डीजेचे बॉक्स, जनरेटरची गाडी. मुळीला हवाच नाही. तिथे काट्याने भोकं पाडायची, त्यात वाळू आणि कुजलेलं शेणखत झाडून भरायचं. कच्चं शेणखत अजिबात नको, हुमणीचे भुंगे त्याच्या वासावर येतात.

तात्या_निफाड
बघा, शेवटी हुमणीच आली ना. :D
थिमेट सोडून सांगतो. निंबाखाली गोल डाग म्हणालात तिथं गवत हाताने धरून वर ओढा. गालिच्यासारखं उचलून आलं तर खाली मुळी उरलेलीच नाही. आणि साळुंक्या, बगळे त्याच जागी टोचत असतील तर खात्रीच. निंब आणि बाभूळ ही भुंग्यांची बसायची झाडं. पहिला वळीव पडला की संध्याकाळी सात-साडेसातला जमिनीतून निघतात, झाडावर बसून पाला खातात आणि पहाटेच्या आत परत जमिनीत जाऊन अंडी घालतात. आम्ही लहानपणी फांद्या हलवून घमेल्यात रॉकेलपाण्यात पाडायचो. गावभर एकदम केलं तर फरक पडतो, एकट्याने केलं तर शेजारच्याचे येतात.

मृदगंध
तात्या, हा प्रतिसाद सोन्याचा. आधीचा विसरले.

गोदातीर
मंडळी, अहवाल.

निंबाखाली : गवत खरंच उचलून आलं. खाली पांढऱ्या, जाड, इंग्रजी सी आकारात वळलेल्या अळ्या, डोकं तपकिरी, मागचा भाग आतल्या मातीमुळे काळसर. फूटभर चौकोनात मूठभर निघाल्या. माळी म्हणाला, "ह्या तर शेणखताच्या खड्ड्यात नेहमी असतात."

भिंतीलगत : मुळी तपकिरी, ओढली की साल हातात, दोरा मागे. वास येत होता. वर बघितलं तर एसीच्या आउटडोअर युनिटचं पाणी आणि भांडी धुण्याच्या मोरीची गळती, दोन्ही तिथेच. शिवाय भिंतीची सावली दुपारी तीनपर्यंत.

स्टेजसमोर : स्क्रूड्रायव्हर बोटभरही गेला नाही. डबे मोजले तर त्या पट्ट्यात सगळ्यात कमी पाणी, कारण स्टेजचा खांब फवाऱ्याच्या आड येतो.

लोहाची चाचणी केली, तुकड्यात काही फरक नाही. तो विषय मिटला.

पिंपळगावकर_नाना
झकास. आता दुकानात जायची घाई करू नका. भिंतीजवळ औषध नकोच, प्लंबर बोलवा. पाणी थांबवा, वरची सडकी माती काढा. त्या जागी मुळात ऊन नाही, हरळीला ऊन लागतं. तिथे सावलीतली झाडं कुंड्यांत ठेवा.

कसमादे_डाळिंब
+१. ड्रेनेज आधी, औषध नंतर. आमच्याकडेही मर आली की लोक आधी ड्रेंचिंगला (मुळाशी औषध ओतायला) धावतात, चर खणायला कुणी तयार नसतं.

मृदगंध
हुमणीबद्दल. ऑक्टोबर मध्यावर अळी शेवटच्या अवस्थेत असते. जाड, हावरी आणि औषधाला सहसा न जुमानणारी. थोड्या दिवसांत ती खोल जाऊन कोष करते. कोषातून निघालेला भुंगा पुढच्या वळिवापर्यंत जमिनीतच पडून राहतो. वर्षाला एकच पिढी. त्यामुळे आत्ता रासायनिक औषध ओतणं म्हणजे पैसे मुरवणं. तेवढा भाग उकरा, अळ्या वेचा, उरलेल्या पक्षी संपवतील. दिवसभर माती उघडी ठेवली तर बगळ्यांना निमंत्रण द्यावं लागत नाही.
खरी वेळ जून-जुलै, अळी लहान असताना. मेटारायझियम किंवा हेटेरोरॅब्डायटिस सूत्रकृमी ओल्या मातीत, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. हे दोन्ही जिवंत असतात, उन्हाने मरतात, कोरड्या मातीत काम करत नाहीत. आणि मेटारायझियम दिल्यावर लगेच बुरशीनाशक ओतू नका, तीही बुरशीच आहे. हा घोळ फार लोक घालतात.

सोनाका
संध्याकाळी! म्हणजे माझा संध्याकाळचा मुद्दा एका ठिकाणी तरी बरोबर ठरला.

अर्धवट_शेतकरी
फवारणीचाच विषय निघालाय तर एक विचारतो. घरच्या मोरचुदाचं (कॉपर सल्फेट) बोर्डो मिश्रण लॉनला चालेल का?

पिंपळगावकर_नाना
लॉनला नको. तांबं मातीत साठत जातं आणि जळण्याची भीती असते. वेलीसाठी मात्र अजून करतो. एक टक्का म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये विरघळवायचं, मग एकत्र. लोखंडी विळा मिनिटभर बुडवायचा. पात्यावर तांबूस थर आला तर मिश्रण आम्ल आहे, चुन्याची निवळी अजून घाला, नाहीतर पान जळतं. आणि त्याच दिवशी संपवायचं. फ्रान्समध्ये १८८५ च्या सुमारास निघालेलं औषध, अजून टिकून आहे.

मृदगंध
आणि नाना, मिश्रण करताना हातमोजे, तोंडाला फडकं. २०१७ मध्ये यवतमाळ भागात फवारणी करताना विषबाधेने माणसं दगावली हे विसरायला नको. शेतात उघड्या अंगाने पंप मारणारे अजून दिसतात.

पिंपळगावकर_नाना
मान्य. निर्यातवाल्या बागांत अवशेषांची धास्ती इतकी आहे की डोस आणि पीएचआय (शेवटची फवारणी ते तोडणी यातले दिवस) आता मजूरही तोंडपाठ सांगतात. २०१० ला क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अवशेषांवरून युरोपात आपला माल अडकला, तेव्हापासून कान टोचले गेले. पण खाणाऱ्याच्या पोटाची जेवढी काळजी, तेवढी फवारणाऱ्याच्या फुप्फुसाची नाही, हे खरंय.

चिमणराव
गोदातीर, मग तुळशीच्या लग्नापर्यंत लॉन दिसेल का नीट?

हिरवळ
सांगतो. हुमणीची जागा उकरून, अळ्या वेचून, माती सपाट करून तयार लॉनच्या लाद्या बसवा. सांधे वाळूने भरा. पहिला आठवडा वापसा टिकवा, चिखल करू नका. स्टेजसमोर भोकं पाडा, पाण्याचा नोझल खांबाच्या अलीकडे सरकवा, आणि यंदा त्या पट्ट्यावर मंडप-डेकोरेशनचा गालिचा दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू देऊ नका. खाली उजेड नाही, हवा नाही, वर शंभर माणसं. नत्र आता थोडंच. थंडी वाढली की हरळी तशीही मंदावते, तेव्हा युरियाने फुगवलेलं गवत आधी रोगाला बळी पडतं. नव्वद टक्के सुधारेल. निंबाखालचं शंभर टक्के हवं असेल तर निंब तोडावा लागेल, आणि ते करू नका.

गोदातीर
निंब तोडायचा प्रश्नच नाही, आजीने लावलाय. लाद्या सांगितल्या आहेत. प्लंबर परवा येतोय म्हणाला, म्हणजे पुढच्या आठवड्यात धरतो.
तात्या, जूनमध्ये दिव्याचा सापळा लावायचा तर कसला बल्ब?

तात्या_निफाड
जांभळा मिळाला तर उत्तम, नाही तर साधा पिवळा पण चालतो. निंबापासून जरा लांब, खाली पसरट घमेलं, त्यात पाणी आणि थोडं रॉकेल किंवा साबण. सात ते नऊ लावा, नंतर बंद करा, नाही तर रात्रभर उपयोगी किडेपण मरतात. आणि शेजारच्या लॉन्सवाल्यालाही लावायला सांगा, युरियावाल्याला.

नुसता_वाचक
जूनमध्ये लग्न असलं तर? वरातीच्या लायटिंगला सगळे भुंगे येतील. नवरीच्या शालूवर.

तात्या_निफाड
मृगात मुहूर्त काढणाऱ्याने भुंग्यांची तयारी ठेवावी.